तांदळात लिहिलेलं नाव

परवा नातीच्या बारशाला जबलपूरच्या चेरीताल भागातल्या आमच्या घरी ताटात तांदूळ पसरले, तेव्हा नव्या तांदळाचा तो कोरडा वास आला. माझ्या लग्नातही असंच ताट होतं.

मेकल डोंगरातून निघते म्हणून नर्मदेला मेकला म्हणतात. मी जबलपूरला, तिच्या काठी जन्मले, म्हणून बाबांनी माझं तेच नाव ठेवलं. अख्ख्या शाळेत दुसरी मेकला नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "हे कोणतं नाव? लोकांना काहून समजावत बसायचं?" मग ह्यांनी अंगठीने तांदळात 'सुनीता' लिहिलं. मला भूक लागली होती आणि नवं नाव सोपं वाटलं, एवढंच. बाबा सगळ्यांशी हसून बोलत होते, पण ताटाकडे बघत नव्हते. ते मला आता कळतं.

सुनेने माझ्या हातात अंगठी दिली. "आई, तुम्हीच लिहा. मेकला. फोनवर शोधलं, एकदम वेगळं आहे ना? तुम्ही तर कधी ऐकलंही नसेल."

"ऐकलंय," मी लिहिता लिहिता म्हटलं, "बाबा मला याच नावाने जेवायला हाक मारायचे."