चंद्रिकाबाईंच्या वर्गातली राष्ट्रपती

भवानी पेठेतल्या आमच्या शाळेत माझा तिसरीचा वर्ग आणि चंद्रिका बिराजदार बाईंचा चौथीचा वर्ग यांच्यामध्ये नुसतं एक लाकडी पार्टिशन आहे. त्यामुळे गेली अकरा वर्षं मी माझा वर्ग शिकवते आणि त्यांचा ऐकते. सुरुवातीला त्या आवाजाचा मला त्रास व्हायचा. चौथीत कधी हलगी वाजायची, कधी सगळी पोरं उड्या मारायची, कधी पाऊण तास एकदम शांत. मी एकदा मुख्याध्यापकांकडे तक्रारही केली होती. बाईंना ते कळलं, पण त्या रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "उद्यापासून हलगी वाजवायच्या आधी सांगते. तुमची पोरंपण ऐकतील की."

बाईंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, अगदी हद्दीवरचं खेडं. घरात सगळे कानडी बोलणारे. वडील सिद्धप्पा यांचं गावात किराणा दुकान होतं. सहाव्या वर्षी मुलीला मराठी शाळेत घातलं आणि वर्षभर तिला काही म्हणजे काही कळलं नाही. गुरुजी फळ्यावर लिहायचे, पोरं ओरडून म्हणायची, ही गप्प. गुरुजींनी घरी निरोप पाठवला, पोरीचं डोकं चालत नाही, पुन्हा पहिलीतच बसवा. आई कमलम्मा स्वतः शाळेत गेलेली नव्हती, पण तिनं ऐकून घेतलं नाही. तिनं मुलीला दुकानात बसवलं. डब्यांवर मराठीत नावं लिहिलेली होती. आई तूर मुठीत द्यायची आणि डब्यावरचं नाव दाखवायची, गूळ जिभेवर ठेवायची आणि नाव दाखवायची. दिवाळीपर्यंत पोरगी दुकानातले सगळे डबे वाचायला लागली.

"मला 'त' डोळ्यानं कळला न्हाई, हातानं कळला," बाई सांगतात. "म्हणून कुठल्या पोराला ढ म्हणायचं धाडस होत न्हाई मला. त्याची वाट कुठली, ते आपल्याला सापडलं नसतंय, एवढंच."

लग्न होऊन सोलापुरात आल्या, डी.एड. केलं आणि शाळेत लागल्या. नवरा महादेवप्पा टॉवेलचा लहानसा व्यापार करतो. आज बाई सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत आणि आवाज अजून खणखणीत आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट. शाळेत पर्यवेक्षक मॅडमची भेट ठरली होती. मुख्याध्यापक अजिनाथ सर टेंभुर्णीकडचे. माणूस सरळ, पण तपासणी म्हटलं की त्यांचं बीपी वाढतं. त्यांनी प्रत्येक वर्गाला एकेक विषय वाटून दिला. चौथीच्या वाट्याला आला 'आपले राष्ट्रपती'.

"बाई, चार वाक्यं आहेत," सर म्हणाले. "देशाचे पहिले नागरिक, दिल्लीत राहतात, पाच वर्षांची मुदत, कायद्यावर सही करतात. पाठ करून घ्या, विषय संपला."

बाईंनी वर्गात जाऊन आधी विचारलं, राष्ट्रपती म्हणजे कोण? मला पार्टिशनच्या अलीकडून सगळं ऐकू येत होतं. एक म्हणाला, राजा. एक म्हणाली, कलेक्टरचा साहेब. बसवेश नावाचा एक तोंडाळ पोरगा म्हणाला, "बाई, पती म्हणजे नवरा की! आणि आता तर बाई राष्ट्रपती हायत."

वर्ग हसला. बाईही हसल्या. "मग गणपती कुणाचा नवरा? सेनापती कुणाचा? पती म्हणजे प्रमुख. बाई असो, बुवा असो, शब्द एकच."

मग त्या म्हणाल्या, घरी जाऊन विचारा, तुमच्या भाषेत काय म्हणतात. दुसऱ्या दिवशी कळलं, कानडीत राष्ट्रपती, तेलुगूतही राष्ट्रपती. एकट्या आलियाच्या घरी, उर्दूत, वेगळा शब्द होता. ती ताठ उभी राहून म्हणाली, "सदर." तो शब्द बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला.

पुढचे आठ दिवस चौथीत काय काय चाललं ते मी पाहिलं. पटांगणात खडूनं भारताचा नकाशा काढला आणि पोरं सोलापूरपासून दिल्लीपर्यंत पावलं मोजत चालली. वर्गातल्या मल्हारनं हलगीवर राष्ट्रपतींची शपथ बसवली. ज्यांना वाचून काही आठवत नसे, ती पोरं ठेक्यावर ती घडाघडा म्हणायला लागली. काहींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. आणि हातानं शिकणाऱ्यांसाठी बाईंनी यंत्रमागावरचे सुताचे रिकामे कागदी कोन पोतंभर आणून ओतले. "ह्याचं राष्ट्रपती भवन करा."

ते काम अनुषा गुर्रम नावाच्या मुलीनं हातात घेतलं. अनुषाच्या घरी तेलुगू. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. मराठी ती सावकाश वाचायची, अक्षरावर बोट ठेवून. म्हणून वर्गात तिला 'पॅसेंजर गाडी' म्हणायचे. पण तिनं कोनांचे खांब रचले, वर प्लास्टिकच्या वाटीचा घुमट ठेवला. भवन नीट जमलं नाही तर ती पुन्हा मोडून रचायची. कुणी घाई केली तर मान वर करायची नाही.

मग बाईंनी निवडणूक घेतली. वर्गात तीस मुलं, सहा रांगा. प्रत्येक रांगेनं एक प्रतिनिधी निवडायचा आणि त्या सहा जणांनी राष्ट्रपती.

"बाई, आमाला का न्हाई थेट मत?" पोरं ओरडली.

"खऱ्या राष्ट्रपतींनाही आपण थेट निवडत न्हाई. आपण खासदार-आमदार निवडतो, ते राष्ट्रपती निवडतात. म्हणून रांगेचा माणूस नीट बघून निवडा."

खऱ्या राष्ट्रपतींचं वय किमान पस्तीस लागतं. वर्गासाठी बाईंनी नऊ पूर्ण ठरवलं. बसवेश एका रांगेतून निवडून आला. राष्ट्रपतीसाठी उभा राहतोस का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "नको. राष्ट्रपती नुसती सही करतो. मी पंतप्रधान होतो." पाच जणांनी त्याला पंतप्रधान केलंही. राष्ट्रपतीपदासाठी प्रतिनिधींबाहेरचे मल्हार आणि अनुषा उभे राहिले. अनुषा चार-दोननं निवडून आली. कारण विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "ती कुणाच्याच पार्टीत न्हाई."

पंतप्रधानांनी पहिल्याच दिवशी कायदा केला. 'जो उशिरा येईल त्याने दिवसभर मागे उभे राहावे.' सहाही प्रतिनिधींनी हात वर केले. कागद अनुषापुढे आला.

वर्गात रोज उशिरा येणारी एकच मुलगी होती, प्रियदर्शनी. तिची आजी मायाक्का शहराबाहेरच्या माळावर शेरडं राखते. प्रियदर्शनी रोज अर्धा तास उशिरा धापा टाकत यायची आणि कुणी काही विचारलं की खाली बघायची. कायदा कुणासाठी केलाय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"कर की सही," बसवेश म्हणाला.

अनुषानं कागदावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. एक ओळ, पण तिनं ती तीनदा वाचली. पोरं चुळबुळायला लागली. कुणीतरी म्हणालं, पॅसेंजर थांबली. अनुषानं विचारलं, "बाई, सही नाय केली तर?"

"एकदा परत पाठवता येतं," बाई म्हणाल्या. "पण त्यांनी पुन्हा तसाच मंजूर केला तर मग तुला सही करावी लागेल."

अनुषानं खाली चार शब्द लिहिले, 'प्रियाला विचारा. मग ठरवा,' आणि कागद परत दिला.

मधल्या सुट्टीत मी बाईंना म्हटलं, "आणि पोरांनी तसाच मंजूर केला तर हो? ती पोरगी दिवसभर उभी राहणार?"

"उभी मी राहू देणार न्हाई, ते माझं बघते मी. पण पोरांच्या आधी मीच निर्णय दिला तर पोरं काय शिकली? करतील बरोबर."

दुसऱ्या दिवशी सभा बसली आणि नेमक्या त्याच वेळी, दोन दिवस आधीच, पर्यवेक्षक मॅडम शाळेत आल्या. अजिनाथ सर त्यांना घेऊन चौथीच्या दारात उभे राहिले. मीही शेजारी जाऊन उभी राहिले; सरांचा चेहरा मला दिसत होता. त्यांना चार पाठ वाक्यं हवी होती आणि इथं पोरं गोलात बसून वाद घालत होती. बाईंनी मॅडमना नमस्कार केला, दोन खुर्च्या पुढं केल्या आणि पोरांना म्हणाल्या, "चालू द्या."

प्रियदर्शनी उभी होती. नेहमीसारखी खाली बघत होती. आलिया म्हणाली, "बोल ना, हम सुनते." मग ती एका दमात बोलली. "आजी उजाडताच शेरडं घेऊन जाती. आई बिगारी कामावर जाती. धाकटी बहीण माज्यापाशी असती. अंगणवाडी उघडली की तिला सोडते आन् पळत येते. मला मुद्दाम उशीर करायचा नसतोय."

बसवेश मात्र हटला नाही. "पण मग समद्यांनीच कारणं सांगितली तर? नियम म्हणजे नियम."

"तुज्या घरी तुजी बहीण कोण सांभाळतं?" एका प्रतिनिधीनं विचारलं.

"आई."

"तिची आई कामाला जाती की."

मत घेतलं. 'मागे उभे राहावे' हे शब्द काढायचे आणि त्या जागी 'कारण सांगावे, शेजाऱ्याने राहिलेला पाठ दाखवावा' असं लिहायचं. बाजूनं चार, विरुद्ध दोन. विरुद्धच्या दोघांत बसवेश होता आणि पंतप्रधान म्हणून नवा कायदा मोठ्यानं वाचून दाखवायचं कामही त्याचंच होतं. त्यानं वाचला, पण गाल फुगवून.

अनुषानं पुन्हा बोट ठेवून सगळं वाचलं आणि मग सही केली.

पर्यवेक्षक मॅडमनी तिला जवळ बोलावलं. "राष्ट्रपतींचं काम काय असतं गं?"

सर दारात चुळबुळत होते. अनुषा म्हणाली, "वाचायचं. पटलं नाय तर एकदा परत पाठवायचं. परत आलं तर सही करायची."

"आणि राग आला तर?"

"राग आला तरी करायची. तिथं आपल्या मनाचं चालत नाय."

मॅडम हसल्या. पुढं त्यांनी पाठ्यक्रम कुठवर आलाय ते पाहिलं, तो एक पाठ मागं होता, आणि तसं शेरेपुस्तकात लिहिलंही. पण त्याच्याखाली लिहिलं की इयत्ता चौथीचा राष्ट्रपतींवरचा पाठ इतर शिक्षकांनी येऊन पाहावा. अजिनाथ सरांनी ते पान दोन दिवस उघडंच ठेवलं होतं.

प्रतिनिधींचं काम तिथं थांबलं नाही. त्यांनी अंगणवाडीच्या सेविका शरणम्मा यांना पत्र लिहिलं, खाली अनुषाची सही. बाई स्वतः ते घेऊन गेल्या आणि कानडीत त्यांच्याशी बोलत तासभर बसल्या. शरणम्मांना दूरवरून बस बदलून यावं लागायचं, म्हणून उशीर व्हायचा. दार उघडायला मदतनीस लवकर यायला लागली आणि प्रियदर्शनी प्रार्थनेला रांगेत दिसू लागली. रोज नाही, पण बहुतेक दिवस.

महिन्यानं अनुषाची मुदत संपली. पुढच्या खेपेला बसवेश राष्ट्रपतीपदासाठी उभा राहिला आणि पडला. त्यानं रडारड केली नाही. तिसऱ्या खेपेला निवडून आला, आणि आलेला पहिलाच कागद त्यानं परत पाठवला. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या म्हणे.

यंदा उन्हाळी प्रशिक्षणात चंद्रिकाबाईंना शिकवायला बोलावलं होतं. साठ शिक्षक बसले होते, मीही होते. त्यांनी पहिल्याच तासाला आमच्या सहा रांगा केल्या, समोर कोनांचं पोतं ओतलं, शेजारी हलगी ठेवली आणि म्हणाल्या, "वह्या बंद करा. ज्याला हातानं काम जमतंय त्यानं इकडं या, ज्याला बोलायला जमतंय त्यानं तिकडं." अजिनाथ सर सगळ्यांच्या आधी उठले आणि हलगीपाशी जाऊन बसले.