चाक खाली कुणी उतरवायचं

माझा धाकटा भाऊ घरात कुणाला मोठ्यानं बोलत नाही. गळ्यात इष्टलिंग, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट नाही. हाच माणूस गाडीच्या स्टिअरिंगवर बसला की कोण होतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

पाथरी-परभणी रस्त्यावर तो सवारी जीप चालवायचा. तेव्हा तिथं डांबर एका गाडीपुरतंच होतं. समोरून गाडी आली की दोघांनीही आपलं एक चाक मातीत उतरवायचं आणि निघून जायचं, असा रिवाज. साधी गोष्ट. पण आधी कुणी उतरवायचं, यावरून लोक जिवावर उदार व्हायचे. एसटीवाले तर उतरवायचेच नाहीत; रस्ता सरकारचा आणि सरकार म्हणजे आपण, असा त्यांचा समज. ट्रकवाले भर दुपारी दिवे लावून अंगावर यायचे. बुलेटवरचे बागायतदार मध्येच आडवे थांबून, तू कोणत्या गावचा, हे आधी विचारायचे. शिव्या देणाऱ्यांची मला कधी भीती वाटली नाही. तोंड मोकळं झालं की ते बाजूला होतात. भीती वाटायची ती गप्प होणाऱ्यांची, आणि माझा भाऊ त्यांच्यातला.

सातव्या महिन्यात तो मला बाळंतपणासाठी माहेरी न्यायला आला. विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून जीपच आणली. त्या दिवशी त्यानं एकही सवारी घेतली नाही. सीटवर वाकळ दुहेरी करून अंथरली. खड्डा दिसला की बैलगाडीच्या चालीनं घ्यायचा आणि विचारायचा, "अक्का, लागलं का गं?" याआधी माझी दोन लेकरं पोटातच गेली होती. हे तरी हाती लागू दे, एवढंच मागणं आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी होतं, त्याच्याही.

मानवत मागं पडलं आणि समोरून एक जीप आली. टपावरसुद्धा माणसं. भावानं हात बाहेर काढून खूण केली, तू घे खाली. तिकडूनही तीच खूण आली.

"घे की रे तूच. काय झिजायलंय तुझं?" मी म्हटलं.

तो बोलला नाही. त्याचे कान लाल झाले होते. गाडी त्यानं डांबराच्या पार मधोमध घातली. ज्या लेकरासाठी तो खड्डे चुकवत आला, ते गाडीत आहे हे तो विसरला की काय, मला कळेना. मी नुसती ओरडत होते. नाकाला नाक लागायच्या बेतात दोन्ही जीपा थांबल्या, आणि मी समोरच्या दांडीवर आदळले.

ते दोघं खाली उतरले. समोरच्याच्या हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी.

"रोड काय तुझ्या बापाचा हाय?"

"तुझ्या तरी बापाचा हाय का?"

"अरे मेल्यांनो, माझ्या पोटात दुखायलंय!" मी आतून किंचाळले.

समोरच्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हातातली टॉमी टाकली. "आरं, आधी सांगायचं न्हाई का? ताई, भेऊ नका." त्यानं आपल्या सवाऱ्या तिथंच उतरवल्या, मातीत शेतापर्यंत जाऊन जीप वळवली आणि भावाला म्हणाला, "मी म्होरं ऱ्हातो. रस्ता मोकळा करतो. तू नुसता माझ्या मागं ये."

आत्ता एकमेकांची डोकी फोडायला निघालेले हे दोघं सख्ख्या भावांसारखे परभणीकडे सुटले. पुढची जीप हॉर्न सोडतच नव्हती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, सगळे मातीत. मला बरं वाटावं की लाज वाटावी, तेच समजत नव्हतं. मग समोर एक सायकल दिसली. मागं कॅरिअरवर एक बाई, पदराखाली काहीतरी जपून धरलेली. पुढच्या जीपनं त्यांना डांबरावरून पार खाली दाबलं. सायकल नालीत गेली. बाई पडताना मी पाहिली. तिनं पडतानाही हात सोडले नव्हते.

"थांब! अरे, थांब!"

"तुझ्यासाठीच तर चाललंय, अक्का," भाऊ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. कळा नव्हत्याच. आदळल्यानं पोट आवळलं होतं. पडून राहा म्हणाल्या.

पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. ठणठणीत. बारशाला तो जीपवाला झबलं-टोपरं घेऊन आला. आता तो भावाचा जिवलग झाला होता. दोघं मिळून पाहुण्यांना त्या दिवसाची गोष्ट सांगत होते. रस्ता कसा मोकळा केला, गाडी कशी पळवली. बायका कौतुकानं ऐकत होत्या. लेक माझ्या मांडीवर होती आणि मी तिला पदराखाली घेतलेलं होतं.

"त्या सायकलवरच्या बाईजवळ काय होतं रे?" मी विचारलं. "गाठोडं होतं का लेकरू?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कोणती बाई, अक्का?" भाऊ म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला ती दिसलीच नव्हती.