चांद्याचं आवतन

माहा नवरा गाडीसंगं बोले. माह्यासंगं फक्त पाना मागे.

खोटं नाई सांगत. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिवाची मले सवय नाई.

मागच्या साली पोळ्याच्या तोंडावर हे गेले. वावरातून आले, छातीत जळजळ होते म्हणे, खाटेवर बसले. मी पाणी आणाले आत गेली, तेवढ्यात संपलं.

वर्षश्राद्ध झालं. आज खांदशेकणी, उद्या पोळा. म्हणून आजच इथं मोबाइलवर लिवून राह्यली. चुका काढत बसू नका.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या इकडं बैलाचा खांदा हळद-लोण्यानं शेकतात. अन् त्याच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वर्षभर जू वाह्यलं त्यानं. तेवढा मान त्याचा.

आमचा शेवटचा बैल चांद्या, कपाळावर पांढरा चांद. तो म्हातारा होऊन मेला, तवा ह्यायनं दुसरा बैल घेतला नाई. गिरडकडच्या एका फार्महाउसवरून हे चार चाकाचं धूड आणलं.

मोटारसायकलसारखं हँडल. ट्रॅक्टरसारखे जाड टायर. मांगं-पुढं सामान ठेवाले जाळी. शहरातल्या मालकानं हौसेनं घेतलं होतं. हौस फिटली, मंग त्याच्यावर कोंबड्या बसत.

गाव हासलं. "काऊन गा, सर्कशीतून आणली का?"

हे म्हणाले, "चांद्या आहे थो. कपाळावर एकच लाइट, दिसत नाई का?"

पण आमचं वावर नाल्यापलीकडं. पावसात त्या काळ्या मातीत ट्रॅक्टर फसते, बैलबंडी फसते. चांद्या नाई फसला. फवारणीचा ड्रम, खताची पोती, वरून मी. सारं घेऊन डुगडुग करत पार.

तेलपाणी वर्षभर होतच राहे. पण खांदशेकणीले सारं खोलाचं म्हणजे खोलाचं. फिल्टरचा स्पंज धुवाचा, जुनं ऑइल काढाचं, चाकाच्या जोडात ग्रीस माराचं.

हे गाडीखाली. मी मांगं पान्याचा डबा घेऊन उकिडवी.

हे नुसता हात मांगं करत. बोलणं नाई.

पहिल्या डावी मी चुकीचा पाना देला.

"थो नाई वं, दहाचा."

"तोंड नाई का तुमाले? नंबर सांगाले काय जाते?"

"समजीन तुले."

अन् खरंच समजाले लागलं. बोटं कशी उघडली यावरून मी ओळखो, पाना पाह्यजे का पेचकस का फडकं.

त्या पहिल्याच साली ह्यायनं कहर केला. ग्रीस मारून झाल्यावर चांद्याच्या खांद्याले, म्हणजे पुढच्या चाकाच्या वरच्या जोडाले, खरोखरची हळद अन् लोणी चोपडलं. घरचं लोणी! मी बोंबलली. ऐकते कोण? हँडलाशी तोंड नेऊन आवतन देलं.

पोळ्याच्या दिवशी चांद्या सुरूच होईना.

पाह्यलं तं लोण्याच्या वासानं उंदीर आलते, वायरी कुरतडून गेलते. साऱ्यायचे बैल तोरणाखाली सजून उभे अन् आमचा गोठ्यात.

मी म्हटलं, "लावा अजून लोणी."

हे वायर जोडता जोडता म्हणाले, "आवतन चांद्याले देलं, जेवाले उंदीर आले. पाव्हण्याले नाई कसं म्हणू वं?"

मले त्या रागातही हासू फुटलं.

त्याच्यानंतर लोणी बंद. हळदीचं नुसतं बोट. आवतन मात्र सुरूच.

हे गेले तवापासून चांद्या उभाच होता. यंदा फवारणी दुसऱ्याच्या भरवशावर, अर्धी राहूनच गेली. पोरगी नागपूरहून फोन करे.

"आई, ते डबडं भंगारात दे अन् वावर ठेक्यानं दे. तू एकटी नाल्यापलीकडं कशी जाशीन?"

तिचंही खोटं नाई. ठेकेवाला पोळा झाल्यावर येतो म्हणाला. भंगारवालाही.

मी ठरवलं, चांद्या सुरू झाला तं वावर मीच करीन. नाई झाला तं दोन्ही जाऊ दे.

आज सकाळी पदर खोचला.

शिळं पेट्रोल काढलं. वासानं डोकं उठलं. कार्बोरेटर खोलला. पेट्रोल येते त्या जेटच्या भोकात तार घालाची नाई, भोक मोठं होते, हे चांद्याले सांगत, ते ऐकून ऐकून पाठ झालेलं. म्हणून ब्रशचा केस घातला. प्लग घासला. नवं ऑइल भरलं. बॅटरी तं मेलेलीच, पण दोरी ओढून सुरू कराची सोय आहे त्याले.

मंग ग्रीस माराले खाली शिरली. पुढच्या चाकाचा एक बोल्ट ढिला दिसला.

अन् मी हात मांगं केला.

बोटं उघडून.

तशीच पडून राह्यली.

हातात कोणी काही देलं नाई.

हात मांगं केला का पाना येतेच, एवढा भरवसा होता माणसाले माह्यावर. तोंडानं सांगतलं असतं तं काय झालं असतं?

डोळे पुसाले गेली तं तोंडाले ग्रीस लागलं.

मंग बाहेर निघाली. आपला पाना आपणच घेतला. बोल्ट आवळला.

दोरी ओढली. काही नाई. अजून ओढली. खांदा भरून आला. शिव्या देल्या, चांद्याले अन् ह्यायलेही. अजून ओढली.

खोकलला. धूर सोडला.

डुगडुग.

पोरीले फोन लावला अन् इंजिनपाशी धरला.

"आई, हे काय?"

"चांद्या. त्या ठेकेवाल्याले नाई म्हणून सांगून दे."

ती नुसतं "हं" म्हणाली. बापावर गेली आहे.

चांद्याच्या खांद्याले हळदीचं बोट लावलं. लोणी नाई. हँडलाशी तोंड नेऊन चांद्याले आवतन देलं.

भावपूर्ण श्रद्धांजली ज्याले लिवाची त्यानं खाली लिवावी. मी नाई लिवत.

अवो, ऐकून राह्यले का? उद्या पुरणाच्या पोळ्या आहेत. तुमचं ताट वाढून ठेवीन.

आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

अन् आल्यावर तोंडानं बोला.