पडद्याअलीकडचं खाकरणं

बोलायच्या आधी साहेब खाकरायचे. आधी एक आखूड, मग जरा थांबून एक लांब. तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हीही नकळत टोपी सारखी केली असती. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ते खाकरणं आलं की त्यांच्या सुना पदर सावरून आत व्हायच्या, थोरला मुलगा विडी विझवायचा, आणि ओसरीवर त्यांच्या गादीवर पसरलेलं मांजरसुद्धा उठून चालू लागायचं. मग आतून बांगड्या वाजायच्या. ती त्यांची बायको. या, आले का, असं तिचं म्हणणं.

चारचौघांत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. त्यांची आणि माझी भिंत एकच, त्यामुळे हा खाकरण्या-बांगड्यांचा संसार मी वर्षानुवर्षं ऐकला. आमच्या घरी आम्ही दोघं भरपूर बोलायचो आणि त्यातलं बरंचसं भांडण असायचं. ते दोघं न बोलता छान नांदत होते. मला त्यांचा हेवा वाटायचा.

बीडात निजामाचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. ते दवाखान्याचे मुन्तजीम, म्हणजे डॉक्टरी सोडून बाकीची सगळी व्यवस्था पाहणारे. मी तिथला कंपाउंडर. काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं, उन्हाळ्यातही. आम्ही घामानं निथळत असायचो आणि हे आपले कोरडे ठणठणीत.

त्या काळी बाया दवाखान्यात यायच्याच नाहीत. घरात तळमळतील, पण परक्या पुरुषांच्या नजरेसमोर खाटेवर पडणार नाहीत. साहेबांनी त्यांच्यासाठी एक लांब खोली वेगळी केली, दाराला जाड निळा पडदा लावला आणि बैलगाडी जुंपून स्वतः गावोगाव निघाले. मांजरसुंब्याच्या घाटापासून पार माजलगावपर्यंत. कुणाच्या तरी ओट्यावर बसायचे आणि दाराआडच्या बायांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "पडद्याच्या आत गडीमाणूस येणार न्हाई. डॉक्टर आला तरी वर्दी दिऊनच यील. ही माजी जबान हाय."

हळूहळू बाया येऊ लागल्या. आतलं सगळं बडी बी नावाची म्हातारी पाहायची. मी औषधाच्या बाटल्या पडद्याखालून सरकवायचो आणि आतून तिचा हात येऊन त्या ओढून घ्यायचा. इतकी वर्षं नोकरी केली, पण ती खोली आतून कशी होती ते मला अजून माहीत नाही.

एकदा तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, तपासणीला आले आणि थेट पडद्याकडे निघाले. आमचे साहेब आडवे उभे राहिले आणि खाकरायला लागले. ते थांबेचनात. तालुकदारांना वाटलं, यांनाच काही दुखणं आहे. मग साहेब अदबीनं म्हणाले, "हुजूर, आत बाया हायेत. मी त्यास्नी जबान दिली हाय." तालुकदारांनी बाहेरच्या चिंचेच्या झाडाची तपासणी केली, स्वच्छता उत्तम आहे म्हणाले आणि गेले. आम्ही दिवसभर हसत होतो. साहेब मात्र हसले नाहीत.

पुढे ते वजिफ्यावर गेले, म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. तरी रोज सकाळी शेरवानी घालून फाटकापर्यंत यायचे, पडदा धुतला का विचारायचे आणि परत जायचे. नव्या मुन्तजीमांना याचा वैताग यायचा, पण करतात काय.

अशात त्यांच्या बायकोला विषमज्वर झाला. तिला त्याच खोलीत ठेवलं. सुना आत आळीपाळीनं बसायच्या. साहेब बाहेर, उंच खिडकीखालच्या दगडावर बसून असायचे. अधूनमधून खाकरायचे. आतून बांगड्या वाजायच्या. मग ते जरा सैल होऊन भिंतीला टेकायचे.

ताप वाढत गेला. बांगड्यांचा आवाज बारीक होत गेला. नवे मुन्तजीम स्वतः येऊन म्हणाले, साहेब, तुम्ही आत जा, कोण काय म्हणणार आहे? साहेब म्हणाले, आत युसूफ वडगावची एक पोर आहे, तिला मीच बापाला जबान देऊन इथं उपचाराला आणलंय. ती काय म्हणेल? थोरला मुलगा एवढा मवाळ, पण त्या दिवशी त्याचा तोल सुटला.

"माय तिकडं चालली," तो म्हणाला, "अन् तुमी कापडाच्या तुकड्याला भिऊन बसलात."

साहेब दगडावरच बसून राहिले. खरं सांगतो, मलाही तेव्हा त्यांचा राग आला होता. जगात एवढा सरळ माणूस असू नये असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खाकरले आणि उत्तर आलं नाही.

ते पुन्हा खाकरले. आधी आखूड, मग लांब. आत काहीच वाजलं नाही. मी औषध कुटत होतो, माझा हात थांबला. साहेब उठले आणि पडद्याशी आले. त्यांनी पडदा मुठीत धरला. मुलगा मागे उभा होता, मी होतो, अंगणात स्वयंपाक करणारे रोग्यांचे नातेवाईक होते. सगळे त्या मुठीकडे पाहत होतो.

त्यांनी मूठ सोडली. आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात बायकोला लोकांदेखत "अगं"सुद्धा म्हटलं नव्हतं, त्यानं सगळ्यांसमोर हाक मारली.

"गोदा."

कुणी हललं नाही.

"गोदा, ऐकती का?"

बऱ्याच वेळानं आतून अगदी क्षीण आवाज आला, "हळू बोला. लोकं हायेत."

साहेब तिथेच, पडद्याच्या अलीकडे, शेरवानीसकट जमिनीवर बसले आणि रडले. मुलगा त्यांच्याजवळ बसला आणि त्यानं बापाच्या पाठीवर हात ठेवला. मग बडी बी बाहेर आली आणि उलगडा झाला. तापानं बाईंचे हात इतके वाळले होते की बांगड्या मनगटावरून निसटू लागल्या होत्या. सवाष्णीच्या हातातून बांगडी गळणं बरं नव्हे, म्हणून बडी बीनं त्या चिंधीनं करकचून बांधून टाकल्या होत्या. वाजणार कशा? तिनं आपल्याकडून चांगलंच केलं होतं, आणि एका माणसाचा जीव जाता जाता राहिला होता. साहेबांनी तिला एवढंच विचारलं, चिंधी जरा सैल बांधता येईल का?

बाई वाचल्या. खाकरणं आणि बांगड्या पुन्हा सुरू झाल्या. भिंतीपलीकडून ऐकू आलं की आमच्या घरातलं भांडणही जरा वेळ थांबायचं. नाव घेऊन हाक मात्र त्यांनी पुन्हा मारली नाही. निदान मला तरी ऐकू आली नाही.

साहेब गेले ते कुणाला तसदी न देता, ओसरीवर बसल्या बसल्या. गल्ली ओस पडली म्हणतात ना, तसं झालं. संध्याकाळ झाली की कान उगाच गल्लीच्या तोंडाकडे लागायचे. थोरला मुलगा विडी हातातच धरून बसायचा, पेटवायचा नाही.

पुढे एकदा मी त्यांच्याकडे काढ्याची पुडी द्यायला गेलो. ओसरीवर कुणी नव्हतं. उंबऱ्याशी थांबलो आणि सवयीनं खाकरलो. आत बाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात आपोआप वर उठला आणि हलला. मनगट मोकळं होतं. काही वाजलं नाही. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, सावकाश तो पदराखाली घेतला आणि मला या म्हणाल्या.

मी पुडी ठेवली आणि निघालो. दारापर्यंत आलो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "भाऊ, येकदा परत खाकरता का?"

मी उंबऱ्यात उभा राहिलो. खूप प्रयत्न केला. घसा असा दाटून आला होता की खाकरताच येईना.