सुतळीचा वक्र

“मॅडम, ह्याचं युनिट काय?”

मी फळ्यावर काहीही लिहिलं की शेवटच्या बाकावरून हा प्रश्न यायचा. हात पूर्ण वर नसे. कोपर बाकावरच टेकलेलं, फक्त पंजा उचललेला, एसटीत कंडक्टरला खूण करावी तसा. बाकीची पोरं अठरा वर्षांची आणि हे अडतीसचे. वर्ग त्यांना काका म्हणायचा. मीही मनात काकाच म्हणायचे, खरं तर वयाने मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी.

पालघरच्या आमच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवते. तुमच्यापैकी जे सायन्सला गेले असतील त्यांना तो तास आठवत असेल. मुलं खाली मान घालून उतरवून घेतात आणि मास्तर फळ्याशीच बोलतो. युनिट विचारणारा विद्यार्थी मला तोवर भेटला नव्हता.

ते तारापूरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. गाव सफाळ्याच्या आतल्या बाजूला, पण कामासाठी कुंभवलीत खोली घेतलेली. बारावी सायन्स झाल्यावर घरची अडचण म्हणून कंपनीत लागले आणि वीस वर्षं तिथेच राहिले. बीएस्सी झालं तर प्लँटमधून लॅबमध्ये घेऊ, असं साहेबांनी सांगितलं होतं, म्हणून हा प्रवेश. रात्रपाळी सुटली की थेट वर्गात यायचे. कपड्यांना आंबूस वास असायचा. पोरं आधी नाक मुरडायची, मग त्यांच्याच डब्यातलं खायची.

डेरिव्हेटिव्हचा दुसरा का तिसरा तास होता. स्पर्शिका, उतार, सगळं काढून झालं होतं आणि वर्गाच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. पंजा वर झाला. मला वाटलं, युनिटच विचारणार. पण ते म्हणाले, “आमच्याकडं रिॲक्टर, म्हंजे केमिकल शिजतं ती टाकी, साठ डिग्रीवर असला तरी कोण घाबरत नाय. पण मिनिटाला दोन-दोन डिग्रीनं चढायला लागला का सगळे धावतात. साठ म्हणजे तुमचं फंक्शन. आणि दोन म्हणजे हे, डेरिव्हेटिव्ह. असंच हाय ना?”

असंच होतं. वर्गात एकदम कुजबुज झाली, समजल्यावर होते तशी. मग त्यांनीच पुढे सांगितलं की थंड पाणी सोडलं तरी तापमान लगेच उतरत नाही, चढतच असतं, फक्त चढणं मंदावतं. दुसरं डेरिव्हेटिव्ह मी दोन आठवड्यांनी शिकवणार होते. ते त्यांनी त्या दिवशीच शिकवलं. पहिल्या सत्रात ते वर्गात तिसरे आले. पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगत सुटले की मॅडम चांगलं शिकवतात.

दुसऱ्या सत्रात इंटिग्रेशन सुरू झालं आणि आठवड्याभरात शेवटचा बाक रिकामा झाला. पाळी बदलली असेल असं मी धरून चालले. दहा दिवसांनी बेटेगावच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं की कंपनीत पाइपाचा जोड सुटला, कॉस्टिक सोड्याचं जळजळीत पाणी तोंडावर उडालं, काका बोईसरच्या दवाखान्यात आहेत.

मी गेले तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्यांची बायको शेजारी स्टुलावर बसली होती. तीही तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतच एका कंपनीत पॅकिंगला जायची. तिने उठून मला स्टूल दिलं. मी आवाज दिल्यावर ते उठायला धडपडले. त्यांनीच विचारलं, “कुठपर्यंत आलंय? माझं पार्शल फ्रॅक्शन राहिलंय.”

नजर परत आली नाही. महिन्याभराने बायको त्यांना हाताला धरून स्टाफरूममध्ये घेऊन आली. परीक्षा द्यायची म्हणत होते. लॅबचं आता काय होणार, हे तिघांपैकी कोणीच बोललं नाही. मी दर शनिवारी दुपारी खोलीवर येऊन दोन तास देते म्हटलं.

आंधळ्या माणसाला वक्राखालचं क्षेत्रफळ कसं शिकवायचं, ते मला कुठे येत होतं? मी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून वक्र केला आणि त्याच्याखाली उभ्या पट्ट्या चिकटवल्या. ते बोटांनी चाचपत राहिले. म्हणाले, “पट्ट्या जाड हायत मॅडम. वर फटी राहतात.” पुढच्या शनिवारी मी काडेपेटीतल्या काड्या मापात तोडून लावल्या. त्यांनी सुतळीवरून बोट फिरवलं, मग काड्यांच्या टोकांवरून. “आता कमी फटी. सुया लावल्या तर आणखी कमी.” आणि हसले. अपघातानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. बायको दारापाशी बसून पालेभाजी निवडत होती. तिने मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली.

परीक्षेला लेखनिक मिळाली ती अकरावी आर्ट्सची मुलगी. नियमच तसा आहे, विषय येणारा लेखनिक चालत नाही. तिने इंटिग्रलची खूण जन्मात पाहिली नव्हती. नंतर तिनेच मला हसत सांगितलं, काका म्हणाले, इंग्रजी एस काढ आणि दोन्ही टोकं धरून ताण.

पहिल्या वर्षाचे पेपर आम्हीच तपासतो. नंबर झाकलेला असतो, पण तो ताणलेला एस दिसला आणि मला कळलं. एका गणितात x वर्गाचं इंटिग्रेशन होतं, शून्यापासून दोनपर्यंत. त्यांनी ‘x घात तीन, भागिले तीन’ सांगितलं असणार. मुलीने लिहिलं होतं 3x भागिले 3. आणि खाली उत्तर आठ तृतीयांश. लिहिलेल्या पायरीतून ते उत्तर येत नाही. पण उत्तर बरोबर होतं. पानोपानी हेच.

मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. काय झालंय ते मला लख्ख दिसत होतं. पण दुसऱ्या कुणाची अशी पायरी असती तर मी मार्क कापले असते. शिवाय शनिवारच्या तासांबद्दल स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी आपल्या माणसाला पास केलं, असं कुणी म्हटलं तर? खरं सांगायचं तर नियमापेक्षा मला याचीच भीती जास्त होती. मी पायऱ्यांचे मार्क कापले. सहा मार्कांनी पेपर राहिला.

फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला ते आले नाहीत. फोन बंद. मुदत संपत आली तेव्हा मी फॉर्म घेऊन कुंभवलीला गेले. खोलीला दुसऱ्याचं कुलूप होतं. शेजारचा कामगार म्हणाला, “वो लोग गाँव चले गये, मॅडम.”

दुसऱ्याच दिवशी पत्ता काढत मी त्यांच्या गावी गेले. भातकापणी चालली होती. ते ओटीवर पेंढ्याचे बंध वळत बसले होते. आवाज ओळखून उभे राहिले, बायकोला चहा टाकायला सांगितला. वर्गातल्या एकेका पोराची नाव घेऊन चौकशी केली. मग माझ्याने राहवेना. पेपर मीच तपासला, हे मी सांगितलं. घात तीनचं आणि आठ तृतीयांशचंही सांगितलं.

त्यांचे हात थांबले.

“म्हणजे उत्तर बरोबर होतं?”

“हो. जवळजवळ सगळीच.”

त्यांनी हातातला बंध खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, “म्हणजे मला येत होतं. मी समजलो, डोळ्यांबरोबर तेपण गेलं.”

मी फॉर्म काढला. बायको आतून येऊन उभी राहिली होती. तिनेच सांगितलं, आता नाही जमायचं. तिची कंपनी सुटली, दिवसभर शेतावर जावं लागतं, ह्यांना पालघरला नेणार कोण? मी न्यायला येते म्हणाले. त्यांनी मान हलवली. “नको मॅडम. तुमी बरोबरच केलंत. लिवलेलं चूक ते चूकच.”

त्यांनी मला रागवायला हवं होतं. निदान एकदा.

निघताना ते कुंपणाच्या कुडाला धरून रस्त्यापर्यंत आले. मी चालत वळणावर पोचले आणि मागे पाहिलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक रिक्षा सुटली. मी तिच्यातून चालले असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तिकडे तोंड केलं आणि हात वर केला. रिक्षा दिसेनाशी झाली, तिचा आवाजही विरला, तरी ते हात हलवत होते. मी वीस पावलांवर उभी होते आणि माझ्या तोंडून हाक फुटली नाही.