गर्दी होऊ दे

माणिकपूरच्या सायबर कॅफेवाल्याला घाई माहीतच नव्हती. चहासुद्धा तो थंड करून प्यायचा. निनावी मेल पुढे पाठवणारं एक सॉफ्टवेअर तो हौसेने चालवायचा. आलेली पत्रं लगेच सोडायची नाहीत, पुरेशी जमली की क्रम बदलून एकदम सोडायची, असं त्याने त्यात बसवलं होतं.

खाडीत भराव टाकणाऱ्या बिल्डरविरुद्धची माझी तक्रार मी त्यातून पाठवली.

"आत्ता सोड ना!" मी वैतागले.

"आल्या आल्या एकटंच बाहेर गेलं तर तुमचं आहे हे पाळत ठेवणाऱ्याला लगेच कळेल, ताई. गर्दी होऊ दे."

गर्दी काही होईना. मग शेजारच्या मशीनवर बसून तोच कोरी पत्रं पाठवत राहिला. शेवटी सगळी एकदम सुटली.

"माझं कितवं गेलं?"

"मलाही नाही माहीत," म्हणत त्याने समाधानाने थंडगार चहा उचलला.