सेलिंगच्या बेकरीतला दुसरा कप

लार्योनं दुसरी ठेवलीय, ही बातमी आधी मानांग पुरिंगच्या दुकानाच्या जाळीतून बाहेर पडली आणि मासळीबाजारात पोचेपर्यंत त्या दुसरीला दोन पोरंही झाली होती. पुरिंग साऱ्या गावाची मानांग, म्हणजे थोरली बहीण. तेव्हा साऱ्या गावाच्या संसारात नाक खुपसायचा तिला हक्कच.

"रोज दुपारी सेलिंगच्या बेकरीत. कोपऱ्यातलं टेबल," ती साबणाची वडी देता देता सांगायची. "आणि कॉफीचे कप किती? दोन! एकटा माणूस दोन कप कशाला मागवील गं?"

सेलिंग विधवा होती, उजळ होती आणि हसताना मान तिरपी करायची. आमच्या गावाला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

लार्योच्या बायकोच्या, रोवेनाच्या कानावर हे सगळ्यांत शेवटी आलं. तिला राग आलाच, पण खरं सांगायचं तर आधी जरा हायसंच वाटलं. दुसरी बाई ही निदान समजण्यासारखी गोष्ट होती. घरात जे चाललं होतं त्याचं टोकच सापडत नव्हतं.

लार्यो दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या लढाईवरून परतला तेव्हा गावानं काय थाट केला होता! विमानतळावरून जीपमध्ये घातला तो थेट दारात आणला. दारात बँड, गळ्यात सांपागिताच्या पांढऱ्या फुलांच्या माळा, वर कापडी फलक. फौजेची नोकरी संपली, आता तो ट्रायसिकल, म्हणजे बाजूला सवारीचा डबा जोडलेली मोटारसायकल, भाड्यानं चालवणार, पोरांना शाळेत सोडणार, असं रोवेनानं मनाशी मांडून ठेवलं होतं. पूर्वी हा माणूस कराओकेचा माईक सोडायचा नाही; पलीकडच्या गल्लीतली कुत्री त्याच्या सुरात सूर मिसळायची. परतल्यावर त्याच्या हातात माईक दिला, तर तो धरून खिडकीकडेच बघत बसला. गावच्या सणाला फटाके वाजले तसा तो सणासाठी आलेल्या सासूला ओढत टेबलाखाली घुसला. वर भाजलेलं अख्खं डुक्कर, खाली जावई आणि सासू. "जावई फार मायाळू झालाय," सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आणि सगळे हसले. रोवेनाही हसली. लार्यो मात्र बराच वेळ खालीच राहिला.

पण तिला कोडं पडायचं ते उंबऱ्यावर. घरी आला की तो दारात थबकायचा, मागे वळायचा आणि म्हणायचा, "थांब तू." मागे कुणी नसायचं. मग तो अंगणातल्या ट्रायसिकलमध्येच अंग मुडपून झोपायचा.

"कुणाला थांब म्हणतोस?"

"कुणाला नाही."

"मग आत ये ना."

"येतो. तू झोप."

यायचा नाही. आणि आता ही सेलिंग. रोवेनानं पोरांच्या कपड्यांची पिशवी भरून दाराआड ठेवली. बातमी खरी निघाली तर पोरांना घेऊन दागुपानला, आईकडे निघून जायचं. खोटी निघाली तर काय करायचं, हे मात्र तिला सुचत नव्हतं.

दुपारी ती बेकरीकडे निघाली तशी पुरिंगनं दुकान बंद केलं. म्हणाली, मीठ आणायला चाललेय. मीठ गावात फक्त तिच्याच दुकानात मिळायचं.

बेकरीत सेलिंग कोपरापर्यंत पिठात होती. लार्यो कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून. त्याच्यासमोर कप, आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर दुसरा कप, वाफाळता. रोवेनानं ती खुर्ची ओढली.

"तिथे नको!" लार्यो असा ओरडला की पाव निवडणाऱ्या बाईच्या हातून चिमटा पडला.

"का? राणीसाहेबांची जागा वाटतं?" रोवेनानं सेलिंगकडे बोट दाखवलं.

"माझी?" सेलिंग म्हणाली. "बाई गं, मला बसायला सवड असती तर आत्तापर्यंत तिसरं लग्न झालं असतं माझं!"

"बाल्दोची आहे," लार्यो म्हणाला.

बाल्दो त्याच्या तुकडीतला जोडीदार. रोवेनानं त्याला फोटोत पाहिलं होतं. तिकडेच पडला होता तो.

"बाल्दो गेला, लार्यो."

"म्हणून तर." तो कपाकडे बघत बोलत होता. "छावणीत त्याच्या शवपेटीपाशी बसलो होतो. तिथून उठवून विमानात घातलं, विमानातून जीपमध्ये. मी ड्रायव्हरला म्हटलं, पाच मिनिटं कुठेही थांबव रे. तो म्हणाला, बँडवाले ताटकळलेत. सरळ दारात आणलं मला. कुठे टेकलोच नाही."

दारात उभ्या पुरिंगनं छातीवर क्रूस काढला. मयताच्या घरून निघून आमच्यात कुणी सरळ घरी जात नाही. वाटेत कुठेतरी टेकायचं, घोटभर काही घ्यायचं. मागे लागलेला मेलेला तिथेच चुकतो. आणि आमचं गाव टेकतं ते याच बेकरीत. मागच्या मयतानंतर पुरिंग स्वतः याच टेबलाशी बसून गोड पाव खाऊन गेली होती. तरी तिच्या डोक्यात आली ती दुसरी बाईच.

"रोज त्याला इथे आणतो," लार्यो म्हणाला. "कॉफी देतो, बस म्हणतो. जाताना मागे बघत नाही. पण दारात पोचलो की तो मागे उभाच. आत पोरं असतात, रोवेना."

भूत म्हणावं की आजार, रोवेनाला कळेना. पाद्रीबाबांना बोलवावं की डॉक्टरला?

"दोघांनाही बोलव," सेलिंग कणीक आपटत म्हणाली. "एकाचा तरी गुण येईल."

रोवेनानं दुसरं स्टूल आणलं आणि नवऱ्याच्या बाजूला बसली. जरा वेळानं तिनं विचारलं, "साखर किती घ्यायचा तो?"

लार्योनं तिच्याकडे पाहिलं. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"तीन चमचे. हावरट होता मेला." तो हसला की रडला, ते तिला नीट कळलं नाही. तिनं त्या कपात साखर घातली.

पाद्रीबाबा येऊन पाणी शिंपडून गेले. फौजेच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला बोलायला बोलावलं. रोवेना त्याच्याबरोबर बसनं जाते. तो कधी घरात झोपतो, कधी ट्रायसिकलमध्ये. दाराआडची पिशवी तिनं रिकामी केली. पुरिंग अजून म्हणते, "काहीतरी होतंच हो."

लार्योला दुसरी बाई नव्हती. मेलेला मित्र आपल्या मागोमाग घरात शिरेल, या भीतीनं तो रोज बेकरीत बसायचा. दुसरा कप त्या मित्राचा होता.